रक्त येणारी जागा सोडून घासलेले दात: हिरड्यांच्या आजाराचं एक प्रकरण

रुग्ण स्त्री, वय 49, दिवसभर बसून करायचं कार्यालयीन काम. टाइप 2 मधुमेह सहा वर्षांपासून, गोळ्या चालू. तंबाखू कोणत्याही रूपात कधीच नाही. खालची डावी पहिली दाढ तीन वर्षांपूर्वी काढलेली, अक्कलदाढा नाहीत, बाकीचे 27 दात तोंडात. बाई प्रातिनिधिक आहेत. अशा रुग्णांत जे नेहमी दिसतं, ते इथे एका प्रकरणात मांडलं आहे.

तक्रार

"समोरच्या दोन दातांत फट पडलीय डॉक्टर, तार लावून बंद करून द्या." एवढीच तक्रार. दुखणं नाही, सूज नाही, खाताना त्रास नाही. दीड वर्षापूर्वी ते दोन्ही दात एकमेकांना चिकटून होते आणि त्याचा पुरावा म्हणून त्यांनी फोनमधला जुना फोटोही आणला होता. आता मध्ये दोन मिलिमीटरची फट होती आणि उजवा पटाशीचा दात किंचित पुढे आला होता.

पन्नाशीच्या आसपास, वर्षानुवर्षं जागेवर असलेला दात असा सरकू लागला की पहिला संशय त्याला धरून ठेवणाऱ्या हाडावर जातो. जीभ, ओठ आणि समोरच्या जबड्यातले दात प्रत्येक दाताला सतत ढकलत असतात. हाड भक्कम असेपर्यंत दात ते सोसतो. हाड कमी झालं की त्याच धक्क्याने तो वाट मिळेल तिकडे निघतो. म्हणून तारेचा विषय बाजूला ठेवून आधी हिरड्यांची चौकशी केली.

ब्रश करताना रक्त येतं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "येतं थोडं. पण ते कितीतरी वर्षं येतंय. आमच्या घरात सगळ्यांच्याच हिरड्या नाजूक आहेत."

"मग रक्त येतं त्या जागी ब्रश कसा करता?"

"तिथे नाही लावत. उगाच जखम कशाला वाढवायची?"

माझ्या मते निम्मं निदान या उत्तरातच होतं. रक्त येतं म्हणून ती जागा टाळायची. टाळल्यामुळे तिथे थर साचतो, थरामुळे हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीला पुढच्या वेळी नुसता धक्का लागला तरी जास्त रक्त येतं. मग ती जागा आणखी कटाक्षाने टाळली जाते. बाई निष्काळजी नव्हत्या. दिवसातून दोनदा नेमाने दात घासत होत्या, रात्रीचं घासणंही चुकवत नव्हत्या. सावधगिरी चुकीच्या जागी खर्च होत होती.

निरोगी हिरडीला मऊ ब्रश लागला तर रक्त येत नाही. रक्त येणं हे सुजेचं लक्षण आहे, आणि ही सूज बहुतेक वेळा दाताच्या कडेला साचलेल्या जिवाणूंच्या थरामुळे येते. हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी 1965 साली हे फार सरळ पद्धतीने दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात स्वच्छ करणं पूर्ण थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर काही दिवसांतच त्या पूर्ववत झाल्या. या टप्प्यावरचा आजार असा पूर्ण मागे फिरतो. बाई त्या टप्प्याच्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या.

रक्ताची इतर कारणंही विचारून घेतली. रक्त पातळ करणारी औषधं नव्हती. अंगावर निळे डाग, नाकातून रक्त, सततचा थकवा यांपैकी काही नव्हतं. रक्तदाबाची अम्लोडिपिनसारखी गोळी काहींच्या हिरड्या फुगवते, तीही नव्हती. हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात, पण हिरड्यांतून येणारं रक्त क्वचित रक्ताच्याच आजाराची खूण असतं. त्यामुळे ते गाळून चालत नाही.

तोंडात काय दिसलं

समोरून पाहिलं तर दात चकचकीत. जरा जास्तच चकचकीत. डाव्या बाजूचा सुळा आणि त्यामागच्या उपदाढा हिरडीच्या कडेला खाचा पडाव्यात इतक्या झिजलेल्या होत्या. उजव्या हाताने, कडक ब्रशने, आडवं आणि जोर लावून घासणाऱ्यांच्या तोंडात ही खाच बहुधा डावीकडेच जास्त दिसते, कारण हाताचा जोर तिथे सर्वांत सरळ पडतो.

मग आरसा आत फिरवला. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला पिवळट तपकिरी टार्टरचा सलग पट्टा होता, इतका की दोन दातांमधली रेघही दिसेना. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही तेच. या दोन जागा योगायोगाने ठरत नाहीत. लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच तोंडात उघडतात. लाळेतली खनिजं जिवाणूंच्या मऊ थरात बसतात आणि काही दिवसांतच त्याचं टणक टार्टर व्हायला लागतं. एकदा टणक झालेला थर ब्रशने निघत नाही, कितीही घासा.

मऊ थर डोळ्यांना सहज दिसत नाही म्हणून दातांना रंगाचं द्रावण लावलं आणि चूळ भरायला सांगितली. थर असतो तिथे रंग चिकटून राहतो. बाईंच्या हातात आरसा दिला. ओठांमागचे समोरचे दात जवळजवळ कोरे. आतली बाजू, प्रत्येक दोन दातांमधली जागा आणि हिरडीची कड मात्र गडद जांभळी. "मी तर दोन वेळा घासते!" असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. त्यांना दिसणारा प्रत्येक पृष्ठभाग स्वच्छ होता.

हा थर म्हणजे अडकलेलं अन्न नव्हे. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला आतून जी बुळबुळीत साय धरते, तसा हा जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट पडदा असतो. चूळ भरून तो हलत नाही. माउथवॉश त्याच्या वरच्या भागाशी खेळतो आणि थुंकला जातो. त्याला काहीतरी घासून उचकटावंच लागतं.

पुढची पायरी खोली मोजण्याची. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट, बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामधल्या खोबणीत हलकेच सरकवायची. जोर किती? तिचं टोक आपल्या नखाखाली दाबलं तर तिथली त्वचा जेमतेम पांढुरकी व्हावी, इतकाच. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी माप घेतात, म्हणजे 27 दातांची 162 मापं. निरोगी खोबण 1 ते 3 मिलिमीटर भरते. मापं मोठ्याने सांगायची आणि सहायकाने लिहायची अशी पद्धत असते, त्यामुळे रुग्णालाही ऐकू जातात. खालच्या उपदाढांपाशी "तीन, दोन, तीन" असं चाललं होतं. वरच्या उजव्या पहिल्या दाढेपाशी "पाच, चार, सात" झालं तेव्हा बाईंनी डोळे उघडले. "सात म्हणजे वाईट ना?" हा प्रश्न त्यांना कोणी न शिकवता पडला. आकडे रुग्णाला ऐकू येतील असे सांगावेत, या मताचा मी आहे.

एकूण 91 ठिकाणी रक्त आलं, म्हणजे 56 टक्के. 4 मिलिमीटर किंवा जास्त खोल झालेल्या खोबणी, म्हणजे पॉकेट, 61. सरकलेल्या पटाशीच्या दाताला आतल्या बाजूने 6. एक्स-रेमध्ये बहुतेक दाढा आणि वरच्या पुढच्या दातांचं हाड मुळाच्या मधल्या एक-तृतीयांश भागापर्यंत झिजलेलं. वरच्या उजव्या पहिल्या दाढेची मुळं जिथे फुटतात तो बेचकाही उघडा पडलेला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी 8.1 टक्के.

निदान

लोक याला पायोरिया म्हणतात. आमच्या नोंदीत पेरिओडॉन्टायटिस. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात आजार किती गंभीर झाला त्याचे चार टप्पे आहेत आणि तो किती वेगाने वाढू शकतो त्याच्या ए, बी, सी अशा तीन श्रेणी. नुसती खोली आणि हाड पाहिलं तर हा तिसरा टप्पा. पण आधार गेल्यामुळे दात सरकला आहे, आणि ते चौथ्या टप्प्याचं लक्षण. एचबीएवनसी 7 किंवा अधिक असलं की श्रेणी सी धरतात. तेव्हा नोंद झाली: तोंडभर पसरलेला, टप्पा चौथा, श्रेणी सी.

बाईंचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचे दात त्यांच्यापेक्षा कितीतरी घाण, मग त्याचे का हलत नाहीत? याचं उत्तर श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या 480 कामगारांच्या दीर्घ निरीक्षणात सापडतं. 1986 साली ते प्रसिद्ध झालं. हे कामगार दातांची नेहमीची निगा जवळजवळ राखत नसत, सगळ्यांच्याच तोंडात थर आणि टार्टर. तरी साधारण 8 टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि 11 टक्के लोकांचा हिरडी सुजण्यापलीकडे गेलाच नाही. थर सगळ्यांना सूज देतो. त्या सुजेपुढे हाड किती टिकेल हे शरीरावर अवलंबून असतं. वाढलेली साखर हे शरीराच्या बाजूचं मोठं कारण. पांढऱ्या पेशींचं काम त्यात मंदावतं आणि सूज रेंगाळते. उलट हिरड्यांतली सततची सूज इन्सुलिनला दाद न देण्याची शरीराची वृत्ती वाढवते. दोन्ही आजार एकमेकांना खतपाणी घालतात.

आधीच्या दोन स्केलिंगांचं काय झालं?

बाईंनी गेल्या काही वर्षांत दोनदा दात साफ करून घेतले होते. दोन्ही वेळा महिना-दोन महिने बरं वाटलं आणि मग रक्त परत सुरू. दुसऱ्या वेळेनंतर "फटी पडल्या, दात हलायला लागले" म्हणून त्यांनी स्केलिंगचं नाव टाकलं. खोली मोजल्याचं किंवा आतून ब्रश कसा फिरवायचा हे कोणी दाखवल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

स्केलिंगने दात हलतात हा समज चिवट आहे आणि तो अनुभवातून आलेला असल्याने नुसता झटकून चालत नाही. टार्टरचा पट्टा तीन-चार दातांना एकत्र बांधून ठेवतो. हाड आधीच गेलेलं असतं, हलणं मात्र त्या पट्ट्याने झाकलेलं असतं. पट्टा काढला की जे होतं ते जाणवतं. फटीचंही तसंच. टार्टरने आणि सुजलेल्या हिरडीने भरलेली जागा मोकळी होते. माझा आक्षेप स्केलिंगवर नाही, ते अर्धवट सोडण्यावर आहे. हिरडीखाली न उतरलेलं आणि घरच्या स्वच्छतेची जोड नसलेलं स्केलिंग म्हणजे थोड्या दिवसांची सवलत.

उपचार

तार लगेच लावली असती तर? सुजलेल्या हिरडीतला दात तारेने ओढला की हाड अधिक वेगाने जातं. तेव्हा ती मागणी सूज आटोक्यात येईपर्यंत थांबवली आणि का थांबवतोय ते एक्स-रे समोर ठेवून सांगितलं.

पहिल्या भेटीत वरवरचं टार्टर काढलं आणि उरलेला सगळा वेळ बाईंच्या हाताला दिला. दातांच्या नमुन्यावर दाखवून भागत नाही. त्यांच्याच तोंडात, त्यांच्याच हाताने, आरशासमोर करून घ्यावं लागतं. कडक ब्रश गेला, लहान डोक्याचा मऊ ब्रश आला. केस हिरडीच्या कडेवर साधारण 45 अंशांत तिरके टेकवायचे, जागच्या जागी बारीक थरथरवायचे, मग पुढच्या दोन दातांवर जायचं. ब्रश मुठीत पकडला की जोर आपोआप येतो. पेनासारखा पकडायला लावल्यावर तो निम्म्यावर आला. खालच्या पुढच्या दातांच्या आत ब्रश आडवा जातच नव्हता. तो उभा धरून टोकाच्या केसांनी एकेक दात घासायला शिकवलं. सुरुवात रोज याच जागेपासून करायची, कारण उत्साह सुरुवातीलाच जास्त असतो. शेवटी उरलेल्या जागेला घाईच मिळते.

दातांच्या मधल्या जागांत ब्रशचे केस पोचत नाहीत. बाईंच्या फटी मोकळ्या झालेल्या, म्हणून दोऱ्याऐवजी बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचे इटुकले इंटरडेंटल ब्रश निवडले. माप जागेप्रमाणे ठरतं. ब्रश आत जाताना केस थोडे दबले पाहिजेत, पण तारेचा भाग दाताला घासता कामा नये. पुढच्या दातांना एक माप लागलं, दाढांना त्याहून मोठं. जिथे ब्रश शिरतच नव्हता अशा दोन घट्ट जागांपुरता दोरा. हे काम दिवसातून एकदा, रात्री, ब्रशच्या आधी. पेस्ट फ्लोराइडची, आणि थुंकल्यावर खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं.

एक गोष्ट मुद्दाम आधीच सांगून ठेवली: पहिले काही दिवस रक्त जास्त वाटेल. तिथेच ब्रश फिरवायचा आहे. जोर नको, पण जागा सोडायची नाही. व्यवस्थित स्वच्छता करूनही दोन आठवड्यांत रक्त कमी झालं नाही तर फोन करायचा.

मधुमेहाच्या डॉक्टरांना पत्र दिलं. त्यांनी गोळ्यांत बदल केला.

हिरडीखालची सफाई भूल देऊन दोन भेटींत पूर्ण केली, एका वेळी एक बाजू, अल्ट्रासोनिक यंत्राने आणि मग हाताच्या उपकरणांनी. क्लोरहेक्सिडीन 0.2 टक्क्याची चूळ फक्त दोन आठवडे. ती पेस्टनंतर लगेच घ्यायची नाही, निदान अर्धा तास जाऊ द्यायचा, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे तिचा प्रभाव कमी होतो. जास्त दिवस वापरली तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बिघडते. अँटिबायोटिक दिलं नाही. त्याची गरज फार थोड्या रुग्णांना असते.

दुसऱ्या महिन्यातलं गाऱ्हाणं

रक्त थांबलं, तोंडाचा वास गेला, पण बाई वैतागून आल्या. "दात लांब दिसायला लागलेत, मध्ये काळ्या फटी दिसतात आणि गार पाणी झोंबतं. आधीच बरं होतं." थंड लागतं म्हणून त्यांनी डावीकडचा इंटरडेंटल ब्रश बंद केला होता आणि तिथे पुन्हा थोडी सूज होती. टाळण्याची जुनी सवय, या वेळी कारण नवं.

अशा रुग्णांचे उपचार बहुतेक इथे सुटतात, असं माझं निरीक्षण आहे. सूज उतरली की हिरडी आक्रसते आणि सुजेमुळे झाकलेलं मूळ उघडं पडतं. हाड आधी गेलेलंच असतं, ते आता नजरेला दिसतं. हे उपचाराआधी सांगितलं तर माहिती ठरते, नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते. बाईंना आधी सांगितलेलं होतं, तरी आरशात दिसल्यावर धक्का बसलाच. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट सुरू केली, उघड्या मुळांवर फ्लोराइडचं वार्निश लावलं, सर्वांत खोल खाच सिमेंटने भरली. काही आठवड्यांत झोंबणं सोसवण्याइतकं कमी झालं आणि डावीकडचा ब्रश परत सुरू झाला.

तीन महिन्यांनी

तीच 162 मापं पुन्हा. रक्त 91 ऐवजी 23 ठिकाणी, म्हणजे 14 टक्के. 4 मिलिमीटर आणि त्याहून खोल पॉकेट 61 वरून 18. पटाशीच्या दाताचं माप 6 वरून 4. हलणं कमी झालेलं. वरची उजवी पहिली दाढ मात्र 7 वरून 6 वरच अडलेली.

एचबीएवनसी 7.4. हे सगळं श्रेय हिरड्यांना देण्याचा मोह होतो, पण मधल्या काळात गोळ्या बदलल्या होत्या. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की हिरड्यांच्या उपचाराने तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.4 टक्के अंकांच्या आसपास उतरतं. उरलेलं गोळ्यांचं आणि कदाचित बाईंच्या वाढलेल्या शिस्तीचं.

फट आपोआप दोनवरून जेमतेम सव्वा मिलिमीटरवर आली. सूज ओसरल्यावर सरकलेला दात थोडा मागे येतो, असं कधी कधी घडतं. तारेचा मार्ग आता खुला आहे, पण दोन अटींवर: रक्त येणारी ठिकाणं 10 टक्क्यांच्या खाली टिकली पाहिजेत, आणि तार काढल्यावर दात आतल्या बाजूने बारीक तारेने कायमचे बांधून घ्यावे लागतील. आधार कमी झालेला दात मोकळा सोडला की पुन्हा निघतो. बाईंनी विचाराला वेळ मागून घेतला आहे.

साफ केलेल्या खोल पॉकेटांत जिवाणू काही आठवड्यांत पुन्हा वस्ती करू लागतात, म्हणून देखभालीच्या भेटी दर तीन महिन्यांनी ठरवल्या. प्रत्येक वेळी आधी रंग लावून थर पाहायचा, मग रक्ताची नोंद, मग सफाई.

वरच्या उजव्या दाढेसाठी हिरडी उघडून बेचक्यातली सफाई करायचं ठरलं. तीन मुळांच्या मधली ती जागा न उघडता नीट साफ होत नाही. दाढ टिकेलच असं सांगितलेलं नाही. शस्त्रक्रियेनंतर बेचक्यात सर्वांत बारीक मापाचा ब्रश मागच्या बाजूने कसा घालायचा याचा सराव आत्ताच सुरू करायला सांगितलं आहे. उजव्या हाताने तो तिथे वळत नाही, म्हणून बाई तो डाव्या हाताने घालायला शिकतायत.